इंटरप्रिटरमधील त्रुटिव्यवस्था

संगणकाची आज्ञावली चालू असताना एखादी अशक्य, निरर्थक किंवा अनपेक्षित अवस्था उद्‌भवल्यास ती ओळखणे, शक्य असेल तेथे आज्ञावलीला पुन्हा मार्गावर आणणे आणि तसे शक्य नसल्यास माणसाला उपयोगी पडेल एवढा पुरावा मागे ठेवून थांबणे, या सर्वांसाठी केलेल्या योजनेस त्रुटिव्यवस्था म्हणतात. प्रस्तुत नोंदीत इंटरप्रिटरमधील अशा व्यवस्थेचा इतिहास दिला आहे. उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत आधीच संपूर्ण रूपांतर करणाऱ्या प्रणालीला कंपायलर म्हणतात. इंटरप्रिटर मात्र आज्ञावलीतील एकेक विधान घेऊन, त्याचा अर्थ लावून ते तेथल्या तेथे अमलात आणतो [⟶ संगणक].

इंटरप्रिटर ही स्वतःदेखील एक आज्ञावलीच होय, आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या गोष्टीत आहे. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीत शून्याने भागाकार झाला, तर चूक त्या आज्ञावलीची असते. परंतु त्या क्षणी यंत्रावर प्रत्यक्ष चालत असतो तो इंटरप्रिटर. त्याची अनेक उपकार्ये अर्धवट अवस्थेत असतात, स्मृतीचे काही भाग त्याने तात्पुरते ताब्यात घेतलेले असतात आणि परतीच्या पत्त्यांची एक चळत यंत्राच्या स्मृतीत रचली गेलेली असते. आज्ञावली कोसळली तरी इंटरप्रिटरने उभे राहिले पाहिजे. त्यासाठी चळत उलगडून सर्व आवरून टाकावे, तर चूक कशी घडली याचा पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो. सर्व जसेच्या तसे ठेवावे, तर पुढचे काम अडून राहते. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या पेचातून निरनिराळ्या भाषांच्या कर्त्यांनी निरनिराळ्या वाटा काढल्या.

प्रारंभ : इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक 6 मे 1949 रोजी प्रथम कार्यान्वित झाला. आज्ञावली लिहिणे हे निर्दोष लिहिण्याइतकेच सोपे असेल, ही समजूत तेथे फार थोड्या दिवसांत दूर झाली. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे, हे याच सुमारास आपल्या ध्यानी आले, असे विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. एअरी फलनासंबंधीच्या त्यांच्या त्या वेळच्या एका आज्ञावलीची छिद्रित फीत पुष्कळ वर्षांनी उजेडात आली. तिच्यातील सुमारे 126 ओळींत वीसएक चुका होत्या.

आज्ञावली बंद पडल्यानंतर स्मृतीतील मजकूर छापून काढणारे उपकार्यक्रम एडसॅकवर तयार झाले. त्यांना शवविच्छेदन या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले आणि ते यथार्थ होते, कारण जिवंतपणी काय घडले ते शवावरून नेहमीच कळत नाही. स्टॅन्ली गिल यांनी 1951 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळा उपाय मांडला. आज्ञावली थेट यंत्राच्या हवाली न करता एका मध्यस्थ उपकार्यक्रमाने तिच्यातील एकेक आज्ञा उचलावी, ती अमलात आणावी आणि तिचे चिन्ह छापून पुढच्या आज्ञेकडे वळावे, अशी ही योजना होती. वेग पुष्कळ कमी होई. परंतु आज्ञावली कोणत्या वाटेने गेली आणि कोठे भरकटली, याची लेखी नोंद हाती येई. अर्थ लावून आज्ञा चालवण्याची पद्धत केवळ सोयीसाठी जन्मली असे सांगितले जाते, ते अपुरे आहे. चुकीच्या क्षणी हजर असणारा साक्षीदार हवा, ही गरजही तिच्या जन्मामागे होती. आयबीएम 701 या यंत्रासाठी जॉन बॅकस यांनी 1953 मध्ये तयार केलेली स्पीडकोडिंग प्रणाली हीदेखील इंटरप्रिटर स्वरूपाचीच होती.

लिस्प : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये लिस्प भाषेच्या रचनेस प्रारंभ केला. कोणत्याही पदावलीचे मूल्य काढणारे ‘इव्हॅल’ हे फलन त्यांनी सैद्धांतिक विवेचनासाठी लिहिले होते. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम 704 या यंत्राच्या भाषेत उतरवले आणि लिस्पचा इंटरप्रिटर अस्तित्वात आला. चुकीसंबंधी बोलण्याची सोय खुद्द भाषेत प्रथम आली ती येथेच म्हणावयास हरकत नाही. लिस्प 1.5 च्या 1962 मधील पुस्तिकेत ‘एररसेट’ नावाचे एक फलन वर्णिले आहे. त्याला एक पदावली द्यावयाची. मूल्य निर्विघ्नपणे निघाले, तर ते मूल्य एका घटकाच्या यादीत गुंडाळून परत मिळते; चूक झाली, तर ‘निल’ म्हणजे रिक्त यादी मिळते. गुंडाळण्याचे कारण सूक्ष्म आहे. ‘निल’ हे पदावलीचे खरेखुरे उत्तरही असू शकते. उत्तर तसेच परत केले असते, तर रिक्त उत्तर आणि निष्फळ प्रयत्न यांत फरक करता आला नसता. उत्तर मिळाले की नाही आणि मिळालेले उत्तर कोणते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे येथे इतक्या काटकसरीने साधले आहे की, चाळीस वर्षांनंतरच्या भाषांतही हीच युक्ती थोड्या वेगळ्या वेशात आढळते.

इंटरप्रिटरने केव्हा व किती बोलावे, हा प्रश्नही लिस्पच्या आरंभीच्या काळात पुढे आला, तो एका विनोदी प्रसंगाने. 1960 च्या सुमारास उद्योगक्षेत्रातील पाहुण्यांपुढे लिस्पचे प्रात्यक्षिक चालू असता मोकळी स्मृती संपली, आणि ती परत मिळवणाऱ्या यंत्रणेने आपल्या कामगिरीचा सविस्तर अहवाल सेकंदाला सुमारे दहा अक्षरे अशा संथ गतीने छापण्यास सुरुवात केली. प्रात्यक्षिकाचा उरलेला वेळ त्यातच गेला, असे मॅकार्थी यांनी लिहून ठेवले आहे.

‘एररसेट’चा पुढील प्रवास उद्‌बोधक आहे. त्याच संस्थेत विकसित झालेल्या मॅकलिस्प या आवृत्तीत त्याला ‘एररसेट’च्या संक्षेपाने ‘अर्‌सेट’ म्हणत. खोलवर गेलेल्या गणनेतून एकदम बाहेर पडण्यासाठी आज्ञावलीकार मुद्दाम चूक घडवून आणीत आणि ‘अर्‌सेट’ने ती झेलीत. सोय झाली; परंतु त्याच जाळ्यात खऱ्या, अनपेक्षित चुकाही सापडून निमूटपणे नाहीशा होऊ लागल्या. म्हणून 1972 मध्ये ‘कॅच’ आणि ‘थ्रो’ ही जोडी स्वतंत्रपणे देण्यात आली व हेतुपुरस्सर बाहेर पडणे आणि चूक होणे या दोन गोष्टी अलग केल्या गेल्या. आज अनेक भाषांत हेच शब्द अपवादांसाठी, म्हणजे मुख्यतः चुकांसाठीच, वापरले जातात. ज्या घोटाळ्यावर उपाय म्हणून ते शब्द आले, त्याच घोटाळ्याला ते आता चिकटले आहेत.

थांबणे आणि पुढे चालणे : आयबीएममध्ये केनेथ आयव्हर्सन व त्यांचे सहकारी यांनी 1966 मध्ये कार्यान्वित केलेल्या एपीएल/360 या प्रणालीने पेचाची दुसरी बाजू निवडली. चूक झाली की, चुकीचा प्रकार, ते विधान आणि विधानातील नेमकी जागा दाखवणारी खूण छापली जाई, आणि फलन नष्ट न होता तेथेच स्थगित राही. वापरणाऱ्याने चलांची मूल्ये तपासावी, चुकलेली ओळ दुरुस्त करावी आणि हव्या त्या ओळीपासून काम पुढे चालू करावे. घटनास्थळ जतन करण्याचे हे धोरण संगणकासमोर माणूस बसलेला असतो, या गृहीतकावर उभे होते. माणूस उठून गेल्यास स्थगित फलनांची रास साचत जाई. ती पाहण्यासाठी व कमी करण्यासाठी निराळ्या आज्ञा ठेवाव्या लागल्या, यावरून या धोरणाची किंमत ध्यानात येते.

याहून पुढचे पाऊल वॉरन टाइटलमन यांनी प्रथम बीबीएन या संस्थेत आणि 1972 नंतर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात टाकले. पुढे इंटरलिस्प या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीतील त्यांच्या योजनेचे नाव ‘डू व्हॉट आय मीन’, म्हणजे ‘माझ्या मनातले कर’ असे होते. अपरिचित नाव आढळताच इंटरप्रिटर जवळच्या वर्णलेखनाचे परिचित नाव शोधून चूक परस्पर दुरुस्त करी. सवय झालेल्यांना ती फार आवडे. मात्र ही प्रणाली लिहिणाऱ्याच्या मनातले न करता टाइटलमन यांच्या मनातले करते, अशी थट्टाही होत असे. जुन्या फायली पुसून टाकण्याची आज्ञा एकाने दिली, तशा फायली नसल्याने प्रणालीने आज्ञाच ‘सुधारून’ घेतली आणि सर्व फायली पुसण्यास आरंभ केला, अशी एक कथा संगणकशास्त्रज्ञांत सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील धोका काल्पनिक नव्हता.

चूक झाल्यानंतर त्याच जागी परत जाऊन काम पुढे चालू करता यावे की नाही, यावर 1970 नंतरच्या दशकात तात्त्विक वाद झाला. जॉन गुडइनफ यांनी 1975 मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली आणि पुढे चालणे, सोडून देणे व पुन्हा प्रयत्न करणे असे पर्याय वेगळे केले. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी सीएलयू भाषेत मात्र सोडून देण्याचा एकच मार्ग ठेवला. चूक झालेले फलन संपले, आता काय करावयाचे ते त्याला बोलावणाऱ्याने पाहावे, हा त्यांचा नियम सोपा होता व त्याविषयी तर्क करणेही सोपे होते. झेरॉक्सच्या मेसा भाषेत पुढे चालण्याची सोय होती. सी++ भाषेत कोणता मार्ग स्वीकारावा याची चर्चा 1991 मध्ये चालली असता जिम मिचेल यांनी त्या अनुभवाची साक्ष दिली. पाच लाख ओळींच्या एका प्रणालीत दहा वर्षांच्या वापरानंतर या सोयीचा उपयोग केवळ एका ठिकाणी उरला होता. सीएलयू, मेसा आणि सी++ या कंपायलरवर आधारलेल्या भाषा असल्या, तरी या वादाचा निकाल इंटरप्रिटरांच्या कर्त्यांनीही बहुतांशी मान्य केला.

लिस्पच्या परंपरेने तो मानला नाही. कॉमन लिस्पसाठी केंट पिटमन यांच्या प्रस्तावातून 1988 मध्ये स्वीकारल्या गेलेल्या व्यवस्थेत चुकीची वर्दी देणे आणि चळत उलगडणे या दोन क्रिया पृथक् केल्या आहेत. चूक झाली की प्रथम योग्य तो हाताळक शोधून तो चळतीच्या टोकावरच, म्हणजे घटनास्थळ अबाधित असताना चालवला जातो. खालच्या स्तरावरील फलनांनी ‘दुसरे मूल्य वापरा’, ‘ही नोंद वगळा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे नामांकित पर्याय आधीच मांडून ठेवलेले असतात आणि हाताळक त्यांतून एकाची निवड करतो. काय करता येणे शक्य आहे ते खालच्याला ठाऊक असते, तर काय करणे इष्ट आहे ते वरच्याला. या श्रमविभागणीवर ही रचना आधारलेली आहे. आतापर्यंतच्या सर्व योजनांत ही सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती फारशी पसरली नाही याचे कारण तिच्या गुणावगुणांपेक्षा लिस्पच्या मर्यादित प्रसारात आणि साध्या नियमांच्या आकर्षणात शोधावे लागेल. स्मॉलटॉक-80 मध्येही हीच वृत्ती दिसते. एखाद्या वस्तूला न समजणारा निरोप मिळाला, तर ‘समजले नाही’ हादेखील तिलाच पाठवलेला एक निरोप असतो, व त्याला काय उत्तर द्यावे हे ती वस्तू स्वतः ठरवू शकते.

लहान यंत्रे : 1975 नंतर आलेल्या सूक्ष्मसंगणकांवर अशा श्रीमंतीला जागा नव्हती. ऑल्टेअर यंत्रासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन व माँटे डेव्हिडॉफ यांनी लिहिलेला बेसिकचा इंटरप्रिटर चार हजार बाइटांच्या स्मृतीत बसवावयाचा होता. त्यामुळे चुकीचे संदेश दोन-दोन अक्षरांवर आणले गेले. वाक्यरचनेच्या चुकीस ‘एसएन’, स्मृती संपल्यास ‘ओएम’. जोडीला ओळीचा क्रमांक. चूक झाली की चळत मूळ स्थितीला आणावयाची आणि पुढच्या आज्ञेसाठी सज्ज व्हावयाचे, एवढीच तेथील त्रुटिव्यवस्था होती. विस्तारित आवृत्त्यांत ‘ऑन एरर गोटू’ आणि ‘रिझ्यूम’ ही विधाने आली व आज्ञावलीला स्वतःच्या चुका झेलता येऊ लागल्या. याच कुळातील व्हिझ्युअल बेसिकमध्ये ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ या विधानाने चूक दुर्लक्षून पुढच्या ओळीवर जाण्याची मुभा दिली. या एका ओळीमुळे चुकीची उत्तरे देत राहणाऱ्या आज्ञावल्या किती निर्माण झाल्या असतील, याची गणती करणे कठीण आहे.

सोफी विल्सन यांनी एकॉर्न कंपनीत बीबीसी मायक्रो (1981) या यंत्रासाठी लिहिलेला बेसिक इंटरप्रिटर मात्र या लहान यंत्रांत उठून दिसतो. त्यातील 6502 प्रक्रियकात ‘ब्रेक’ नावाची एक आज्ञा असते. ती आढळताच यंत्र चालू काम सोडून ठरावीक पत्त्यावर जाते. या आज्ञेच्या लगेच मागे एका बाइटात चुकीचा क्रमांक, त्यानंतर संदेशाची अक्षरे आणि अखेरीस शून्य अशी मांडणी त्या यंत्राच्या रूढीने ठरवली होती. इंटरप्रिटरच्या कोणत्याही कोपऱ्यात चूक आढळो, तेथे ही चार-दहा बाइटे ठेवली की काम झाले. क्रमांक, संदेश आणि उडी हे तिन्ही एकाच ठिकाणी. हीच रूढी यंत्राच्या संचालन प्रणालीनेही पाळल्यामुळे तबकडीवरील चूक आणि बेसिकमधील चूक एकाच दाराने आत येई. काटकसरीची किंमतही होती. चूक झेलल्यावर चालू असलेली सर्व आवर्तने व उपकार्ये विसरली जात, त्यामुळे जेथून घसरलो तेथे परतण्याची वाट उरत नसे. ही उणीव पुढील पिढीच्या यंत्रावरील पाचव्या आवृत्तीत ‘ऑन एरर लोकल’ या विधानाने भरून काढण्यात आली. भारत सरकारने 1984 मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रोचीच निवड झाली होती. त्यामुळे न समजलेल्या विधानाला हे यंत्र देत असे ते ‘मिस्टेक’ हे एकशब्दी उत्तर येथील अनेक विद्यार्थ्यांनी संगणकाकडून ऐकलेल्या पहिल्या शब्दांपैकी असले पाहिजे.

सी भाषेत लिहिलेले इंटरप्रिटर : 1985 नंतर निघालेले बहुतेक नामवंत इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेले आहेत, आणि सीमध्ये अपवादांची सोय नाही. जी गोष्ट आपल्या भाषेत द्यावयाची, ती आपल्या हत्यारात नाही, अशी ही परिस्थिती होती. तीतून दोन मार्ग निघाले. जॉन ऑस्टरहौट यांच्या टीसीएल भाषेत प्रत्येक आज्ञा 0 ते 4 यांपैकी एक संकेतांक परत करते. 0 म्हणजे यश, 1 म्हणजे चूक, आणि उरलेले तीन फलनातून परतणे, आवर्तन तोडणे व पुढचे आवर्तन घेणे यांसाठी. ख्वीदो व्हान रॉस्सुम यांनी ॲम्स्टरडॅम येथे 1989 च्या अखेरीस सुरू केलेल्या पायथॉनमध्येही हाच मार्ग आहे. सीमधील फलन चुकीची नोंद एका ठरावीक जागी करते आणि रिक्त पत्ता परत देते. त्याला बोलावणारे फलन ते पाहून स्वतःही तसेच करते, आणि अशा रीतीने पायरीपायरीने चूक वर जाते. ब्राझीलमधील रिओ दे जानेरो येथे 1993 मध्ये जन्मलेल्या ल्युआ भाषेने दुसरा मार्ग धरला. सी भाषेच्या ग्रंथालयातील ‘लाँगजंप’ या साधनाने मधल्या सर्व पायऱ्या वगळून एकदम वर उडी घेतली जाते. ल्युआच्या 2003 मधील पाचव्या आवृत्तीपासून असलेले ‘पीकॉल’ हे फलन प्रथम यश की अपयश ते सांगते आणि मग उत्तर किंवा चूक देते. लिस्पमधील ‘एररसेट’चे हे सरळ वंशज होय.

या दोन भाषांनी भिन्न मार्ग का निवडले, याचे उत्तर त्रुटिव्यवस्थेत नसून स्मृतिव्यवस्थेत आहे. पायथॉनमध्ये प्रत्येक वस्तूवर तिचा उपयोग किती ठिकाणी होत आहे याची गणना ठेवलेली असते. मधल्या पायऱ्या वगळून उडी मारली, तर त्या पायऱ्यांनी वाढवलेल्या गणना उतरवावयाच्या राहून जातील आणि स्मृती कायमची अडकून पडेल. म्हणून प्रत्येक पायरीवर थांबून हिशेब मिटवणे भाग आहे. ल्युआमध्ये असा हिशेब नसतो. निरुपयोगी झालेल्या वस्तू शोधणारी यंत्रणा मागाहून येऊन सफाई करते, त्यामुळे उडी निर्धोक ठरते. अर्थात पायथॉनच्या मार्गात चुकीच्या वेळी चालावयाच्या या आडवाटा हजारोंनी असतात आणि त्या क्वचितच तुडवल्या जातात. इंटरप्रिटरमधील स्वतःचे दोष अशाच वाटांवर दडून राहतात.

त्रुटिव्यवस्थेची खरी कसोटी लागते ती चूक हाताळण्यासाठी लागणारे साधनच संपते तेव्हा. ‘स्मृती संपली’ हा संदेश तयार करण्यासही स्मृती लागते. म्हणून ल्युआ हा संदेश आरंभीच तयार करून राखून ठेवते. फलनाने स्वतःला अमर्याद बोलावत राहिल्यास यंत्राची चळतच फुटते आणि इंटरप्रिटर काही न बोलता नष्ट होतो. ते टाळण्यासाठी पायथॉनमध्ये खोलीची मर्यादा घातली आहे. ती नेहमीच्या स्थितीत 1,000 असते व ती ओलांडताच सामान्य अपवाद उद्‌भवतो. तथापि तो अपवाद झेलणाऱ्या फलनालाही थोडी खोली लागते. यासाठी काही इंटरप्रिटर मर्यादेपलीकडे थोडी राखीव जागा ठेवतात. तीही संपली, तर ‘चूक हाताळताना चूक’ असा निराळा संकेत ल्युआमध्ये आहे.

संदेशांच्या बाबतीत अलीकडे पुन्हा जुन्या प्रश्नांकडे लक्ष वळले आहे. पायथॉनच्या 2021 मधील 3.10 या आवृत्तीपासून अपरिचित नाव आढळल्यास जवळचे नाव सुचवले जाते. टाइटलमन यांच्या योजनेशी तिचे नाते उघड आहे. मात्र येथे इंटरप्रिटर केवळ विचारतो, परस्पर दुरुस्ती करीत नाही. 2022 मधील 3.11 या आवृत्तीत विधानातील नेमका भाग अधोरेखित करून दाखवण्याची सोय झाली, जी एपीएलमध्ये 1966 पासून होती. पायथॉनला ती उशिरा देता आली, कारण तेथे मूळ विधानाचे आधीच मध्यम भाषेत रूपांतर होते आणि प्रत्येक मध्यम आज्ञेबरोबर पूर्वी केवळ ओळीचा क्रमांक जतन केला जात असे. आता त्याच्या जोडीला ओळीतील आरंभ व अखेर यांची स्थानेही साठवावी लागतात. त्यामुळे स्मृती व साठवण अधिक खर्ची पडते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी ही नोंद बंद ठेवण्याचा पर्याय इंटरप्रिटरमध्ये दिलेला आहे.